मध्ये बोलायची मुभा नाही

निघण्याआधी एक अट ऐकून घ्या. जिथे जाल तिथलं सगळं तुम्हाला दिसेल, ऐकू येईल, कंदिलाच्या काजळीने नाक चुरचुरेल. पण तुमचा शब्द तिथल्या कुणालाही ऐकू जाणार नाही. बोलणाऱ्याची चूक लक्षात येईल आणि तरी गप्प बसावं लागेल. रेडिओ ऐकत वाढलेल्या माणसाला ही अट जाचक वाटायचं कारण नाही. त्याने जन्मभर हेच केलंय.

उतरा. १७ सप्टेंबर १९४८, शुक्रवारची संध्याकाळ. तुमचं गाव तेरखेडा, पण आत्ता तुम्ही गावात नाही. गाव निजामाच्या राज्यात आहे, उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि रझाकारांच्या धास्तीने त्या भागातली कितीतरी कुटुंबं सरहद्द ओलांडून बार्शीला आलीत. बार्शी मुंबई प्रांतात. तिकडे हाली शिक्का, इकडे कलदार; काही कोसांचंच अंतर, पण मधे दुसरं राज्य. तुम्ही पेठेतल्या एका आडत दुकानात, पोत्यांच्या थप्पीला टेकून उभे आहात. गादीच्या वर, फळीवर, लाकडी पेटीचा रेडिओ. बटण फिरवलं की तो लगेच बोलत नाही. आधी व्हॉल्व तापतात, मग खरखर, मग शिट्टी, आणि मग हैदराबाद.

हा डेक्कन रेडिओ. उर्दू, तेलुगू, मराठी, कानडी अशा चार भाषांत बोलणारा, निजाम सरकारचा. गेले काही महिने लातूरचा वकील, रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी काय गर्जना करतोय ते याच पेटीतून लोकांनी दात-ओठ खात ऐकलंय. आज खुद्द निजाम बोलतोय. लढाई थांबली. दुकानात क्षणभर कुणी हलत नाही, मग एकदम गलका. कुणी गुळाचा खडा फोडतो, कुणी रडतो. कोपऱ्यातला एक म्हातारा मात्र उठून थेट रेडिओसमोर जातो आणि त्या पेटीलाच विचारतो, “अन् आमचं घर? हाय का जाळलं?”

पेटी पुढचं सांगत राहते. म्हाताऱ्याला कुणी हसत नाही.

त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं ते गावी परतल्यावर. आणि त्या आठवड्यांत सरहद्दीपलीकडच्या गावांतून आणखीही काही घडलं, यावेळी मुसलमान वस्त्यांवर. पुढे चौकशीला आलेल्या सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त अत्याचार झाल्याचं नोंदवलं, त्यांत उस्मानाबाद होता. तो अहवाल कित्येक दशकं दप्तरात पडून राहिला. त्यावर रेडिओवर परिसंवाद झाला असता तर कुणाकुणाला बोलवावं लागलं असतं, याचा विचार करत तुम्ही पेठेतून बाहेर पडता.

आता काटा शॉर्टवेव्हवर न्या आणि सहा वर्षं मागे चला. लंडन, ऑक्सफर्ड स्ट्रीट, १९४२. बॉम्ब चुकवत जगणारं शहर, आणि एका दुकानाच्या इमारतीत थाटलेले बीबीसीचे पूर्वेकडचे विभाग. काचेपलीकडे नऊवारीऐवजी पाचवारीतल्या एक मराठी बाई मायक्रोफोनसमोर बसल्यात: वेणू चितळे, कोल्हापूरकडच्या. त्यांच्या हातातलं बातमीपत्र मुळात इंग्रजीत लिहिलंय ते एरिक ब्लेअर नावाच्या उंच, खोकणाऱ्या माणसाने. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला हा गृहस्थ पुस्तकांवर जॉर्ज ऑर्वेल असं नाव लावतो. त्याने इथे हिंदुस्थानातल्या कॉलेजच्या पोरांसाठी कवितेवर, विज्ञानावर, राजकारणावर भाषणं आणि चर्चा मांडल्यात. टी. एस. एलियट येऊन जातो, मुल्कराज आनंद येतो, एम्पसन येतो. एकाच टेबलाभोवती जग जमतं.

आणि ऑर्वेलला एकच भुंगा लागलेला असतो: हे ऐकतंय कोण? १९४३ च्या शेवटी तो नोकरी सोडतो, कारण आपले कष्ट वाया जाताहेत याची त्याला खात्री झालेली असते. त्याच वर्षांत त्याच बीबीसीवर ‘ब्रेन्स ट्रस्ट’ नावाच्या कार्यक्रमाने इंग्लंड वेडं केलंय. तत्त्वज्ञ जोड, जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली आणि एक निवृत्त दर्यावर्दी, तिघे मिळून श्रोत्यांनी पाठवलेल्या प्रश्नांना आयत्या वेळी उत्तरं देतात, एकमेकांना खोडतात. म्हणजे विद्वानांचं बोलणं लोकांना नको होतं असं नव्हे. फरक एवढाच, की तिथे प्रश्न लोकांचा होता आणि उत्तर देणारे समोर भांडत होते. ऑर्वेलचा श्रोता हजारो मैलांवर, आणि त्याच्या तोंडचा प्रश्न लंडनला पोचेपर्यंत लढाईचा नकाशा बदललेला. तुम्हाला त्याला सांगावंसं वाटतं, बाबा, मी ऐकतोय. अट आठवते. गप्प बसता.

पुढचा प्रवास पायी आहे. फेब्रुवारी १९५६. तेरखेड्यातून पश्चिमेला निघा, वाशी मागे टाका, भूम ओलांडा. माळ, बाभळी, ज्वारीची काढणी चाललेली. रानात पेंढ्या बांधलेल्या, खळ्यावर शेण सारवलेलं. पुढे खर्डा लागेल. १७९५ साली मराठे आणि निजाम इथेच लढले आणि सरहद्द जी या बाजूला रेंगाळली ती अजून तशीच आहे: अलीकडे हैदराबाद राज्य, पलीकडे मुंबई राज्याचा नगर जिल्हा. निजामाची सत्ता गेली, पण रेघ राहिली. ती ओलांडायचं कारण असं की पलीकडच्या गावात रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला काहीतरी विलक्षण चाललंय आणि तेरखेड्यात ते नाही.

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुणे, नगर, नाशिक यांच्यासह पाच जिल्ह्यांत मिळून अशी जवळजवळ दीडशे गावं आहेत. चावडीत सतरंजी अंथरलेली. वीसेक माणसं. टेबलावर सरकारी रेडिओ, त्याच्या पायाशी अ‍ॅसिडची बॅटरी, आणि बॅटरीकडे पोरांनी फिरकू नये म्हणून राखणीला बसलेला कोतवाल. समोर शाळामास्तर, मांडीवर वही. तेच या मंडळाचे संयोजक. पाटील एका लोडाला टेकलेत. हरिजनवाड्यातले दोघे आलेत, पण सतरंजीच्या कडेला, निम्मे जमिनीवर. बाई एकही नाही. भिंतीपलीकडे बांगड्या वाजतात त्यावरून कळतं की ऐकणाऱ्या आहेत.

हे रेडिओ ग्राममंडळ. कल्पना कॅनडातून आलीय. तिथल्या शेतकऱ्यांनी १९४१ पासून शेजाऱ्यापाजाऱ्यांसह हिवाळ्यात असं ऐकणं आणि बोलणं चालवलं होतं. युनेस्कोने पैसा घातला, पुणे रेडिओने कार्यक्रम केले, आणि याचा गावावर काय परिणाम होतो ते मोजायला मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने एक माणूस दिला: पॉल न्यूराथ, व्हिएन्नाचा. बाप नामांकित तत्त्वज्ञ. स्वतः हिटलरच्या डाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छावण्यांतून जिवानिशी सुटलेला. एकाच आवाजाचा रेडिओ माणसांचं काय करतो हे पाहिलेला गृहस्थ सातारा-नगरच्या चावड्यांत येऊन शेतकरी आपापसांत काय बोलतात ते टिपून घेतो, याहून योग्य नेमणूक मला तरी माहीत नाही.

साडेसहा. पुण्याचा आवाज येतो. त्या काळात पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत ‘बनगरवाडी’वाले व्यंकटेश माडगूळकर आहेत, त्यामुळे पेटीतली माणसं पुस्तकी बोलत नाहीत; ऐकणाऱ्याला आपला शेजारीच बोलतोय असं वाटतं. धरून चला, आज विषय सहकारी सोसायटीचा आहे. अर्धा तास: थोडा संवाद, थोडी तज्ज्ञाची माहिती, आणि गेल्या खेपेला गावोगावच्या मंडळांनी पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरं. चावडीत कुणी हूं की चूं करत नाही. मात्र चेहरे बघा. तज्ज्ञ म्हणतो, कर्ज वेळेवर फेडलं तर सोसायटी बुडत नाही. लोडाजवळचा एक म्हातारा नाकातून हवा सोडतो. मास्तर त्याच्याकडे डोळे वटारतात. म्हातारा गप्प, पण मांडी बदलतो. आणखी पाच मिनिटांत तीन जणांनी मांडी बदललेली असते.

ही बदललेली मांडी नीट पाहून ठेवा. रेडिओवरच्या चर्चेचं सगळं आकर्षण तिथे आहे असं माझं मत आहे. ज्ञान पुस्तकातही मिळतं, कीर्तनातही मिळतं. कीर्तनात बुवा समोर असतो, त्याच्या तोंडावर प्रश्न टाकता येतो, निदान उठून तरी जाता येतं. रेडिओवरचा माणूस तुमच्या घरात येऊन बोलतो आणि त्याला अडवायची सोय नाही. न पटलेलं वाक्य गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही. ते अर्धा तास तोंडात धरून बसावं लागतं, आणि तेवढ्या वेळात माणूस आपलं उत्तर दहादा घासूनपुसून तयार करतो.

सात वाजता मास्तर बटण बंद करतात आणि बांध फुटतो.

“वेळेवर फेडलं तर म्हणं! पाऊस येतो का वेळेवर?”

“पाऊस नाही आला तर सोसायटी काय करील, सांगा की. मागल्या साली लग्नाला पैका उचलला कुणी?”

“माझं नाव घिऊ नको.”

“नाव कुठं घेतलं?”

“आबा, एकेकानं बोला,” मास्तर म्हणतात. “मला लिहायचंय.”

ते खरंच लिहितात. कोण काय म्हणाला, मंडळाचं मत काय पडलं, पुण्याला काय विचारायचं. हा कागद टपालाने पुण्याला जाईल आणि येत्या गुरुवारी नाहीतर रविवारी पेटीतून उत्तर येईल. वाड्यातल्या दोघांपैकी धाकटा पहिल्या खेपेपासून गप्प होता म्हणे. आज तो म्हणतो, सोसायटीत आमच्या नावाला जामीन कोण राहणार ते विचारा. पाटलांचा लोड जरा सरकतो. मास्तरांची लेखणी थांबते, आणि मग ते तेही लिहून घेतात. बार्शीच्या म्हाताऱ्याने पेटीला विचारलं होतं तेव्हा तिला कान नव्हते. इथे तिला कान फुटलेत, टपालखात्याचे का होईनात.

तुम्हाला इथे गोरोबाकाका आठवले तर नवल नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या तेरचा कुंभार, संतांची बैठक भरली असता हातात थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत सुटला: कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं. सगळे निमूट बसले, नामदेवांनी तेवढी कुरकुर केली आणि कच्चे ठरले. मला ही गोष्ट नेहमी अर्धवट वाटत आलीय. थापटणं बसल्यावर कुरकुरतो तो कच्चा, हा निकाल अध्यात्मात चालेल. चावडीत कुरकुरला तोच कामाचा.

त्या हिवाळ्यात महाराष्ट्रात सर्वांत मोठी कुरकुर कशाची होती ते तुम्हाला ठाऊक आहे. जानेवारीत मुंबई केंद्र सरकारच्या ताब्यात द्यायचं जाहीर झालंय, मुंबईत गोळीबारात माणसं पडलीत. पेटीतून त्याबद्दल अवाक्षर नाही. खत, जनावरं, आरोग्य, साक्षरता, सोसायटी. सरकारी रेडिओवर बोलायचं म्हणजे भाषण आधी लिहून द्यायचं, ते कुणीतरी तपासायचं, मग लाल दिवा लागला की ते वाचायचं. तेव्हा कागदावर नसलेला विषय पेटीत येणार कुठून? पण पेटी बंद झाल्यावर, मास्तरांनी वही मिटल्यावर, कुणीतरी विडी पेटवतो आणि म्हणतो, “आता ममईचं काय ते बोला.” त्यानंतरचे दोन तास कुठल्याच अहवालात नाहीत. न्यूराथने मोजलं ते हे, की मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती लक्षात येण्याइतकी वाढली आणि नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारशी नाही. मंडळ गावातल्या इतर निर्णयांसाठीही एकत्र बसायची जागा झाली, हेही त्याने नोंदवलं. वीस कार्यक्रम, दहा आठवडे, १९ फेब्रुवारी ते २६ एप्रिल. एवढ्या थोडक्यात बांधलेली माणसं ‘ममईचं’ही बोलू लागली, याचं श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा.

त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला खर्ड्याची रेघ पुसली गेली. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि तेरखेडा पुण्याच्या आवाजाच्या कायदेशीर पट्ट्यात. १९५९ च्या नोव्हेंबरात हा प्रयोग देशभर नेला, मंडळं हजारोंनी वाढली. कागदावर. बॅटरी उतरली तर भरून आणणार कोण, सेट बिघडला तर दुरुस्ती कुणाच्या खात्यात, आणि पाठवलेल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर पुढच्या वेळी चावडीत येणार कोण? दीडशे गावांच्या पत्रांना उत्तरं देणं जमतं. हजारो गावांच्या नाही. तेवढ्यात ट्रान्झिस्टर आला. सहा सेलवर चालणारा, चामडी पिशवीतला, खांद्याला अडकवून औताच्या मागे नेता येणारा. चावडीची सतरंजी गुंडाळून ठेवली ती ठेवलीच.

एका ठिकाणी जरा थांबू. २६ जून १९७५. आता तुम्ही तेरखेड्यातच आहात. सकाळी इंदिरा गांधींनी रेडिओवरून आणीबाणी सांगितली. पेरणीच्या गडबडीत गावाला तिचा अर्थ लगेच लागलेला नाही. पुढच्या महिन्यातल्या एका संध्याकाळी लिंबाच्या पारावर चौघे बसलेत, मधे ट्रान्झिस्टर. वीस कलमी कार्यक्रमावर परिसंवाद. पहिला वक्ता म्हणतो कार्यक्रम चांगला. दुसरा म्हणतो फार चांगला. तिसरा पहिल्या दोघांशी सहमत.

“तिघं कशाला बोलावलेत मग?” पारावरचा एकजण म्हणतो. “एकच पुरला असता की. भत्ता तरी वाचला असता.”

कुणीतरी काटा फिरवतो. शॉर्टवेव्हवर बीबीसीची हिंदी सभा सापडते, लाटेसारखी वर-खाली होत. आवाज बारीक करून, डोकी जवळ घेऊन ऐकतात. ऑर्वेल गेला त्याला पंचवीस वर्षं झाली; ‘ऐकतंय कोण’ या त्याच्या प्रश्नाचं उत्तर या पारावर बसलंय, मांडी बदलत. माझ्या मते चर्चेचा कार्यक्रम सरकारच्या बाजूने की विरोधात, हा मुद्दाच दुय्यम. तिघे एकच बोलायला लागले की श्रोता उठतो. परिसंवादाला मारायचं असेल तर बंदी घालावी लागत नाही.

पुढची वर्षं भरभर ओलांडा. दूरदर्शन येतं आणि चर्चेला चेहरे मिळतात. नंतर चोवीस तासांची चॅनेलं येतात आणि चेहऱ्यांना चौकटी: आठ चौकटी, आठ तोंडं, सगळी एकाच वेळी उघडी. तिथे मध्ये बोलायची मुभा सगळ्यांना आहे, म्हणून ऐकू काहीच येत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालय सांगतं की रेडिओलहरी जनतेच्या आहेत. जनतेला मिळतं ते खासगी एफएम, गाण्यांचं. त्यावर स्वतःच्या बातम्या द्यायला आजही परवानगी नाही. त्याच दशकाच्या शेवटी, १९९८ मध्ये, लंडनमध्ये मेल्विन ब्रॅग नावाचा माणूस आठवड्याला दोन-तीन प्राध्यापक समोर घेऊन एका विषयावर बोलायला लागतो. प्लेगपासून उपनिषदांपर्यंत काहीही. हा कार्यक्रम चालेल असं कुणालाच वाटत नाही. तो हजार भागांच्या पुढे जातो, आणि ब्रॅग २०२५ मध्ये वयोमानाने बाजूला होतो तेव्हाही चालूच असतो. तीन माणसं, एक विषय, आणि ‘थांबा, हे मला नीट कळलं नाही’ असं श्रोत्याच्या वतीने म्हणणारा चौथा. यंत्रं किती बदलली, पण या मांडणीत बदलण्यासारखं काही निघालं नाही.

आता तुमच्या वर्षात या. सोलापूर-धुळे महामार्गावर तेरखेड्याच्या दोन्ही बाजूंना फटाक्यांची दुकानं, दिवाळी असो नसो. सुतळी बॉम्ब, तोटे, शोभेची दारू. मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात गावाला. माळावरच्या कारखान्यांत आत जाताना मोबाईल बाहेर ठेवायचा असतो, ठिणगीचं काम असल्यामुळे. म्हणून सुटी झाल्यावर हॉटेलाच्या बाकड्यावर बसलेले हे दोघे दिवसभराचं ऐकणं आत्ता उरकताहेत. कानात काही घातलेलं नाही. फोन चहाच्या ग्लासाला टेकवलेला, आवाज पूर्ण. कुणीतरी मराठीत केलेली तासाभराची चर्चा: एक इतिहासाचे प्राध्यापक, एक वकील, एक विचारणारा. विषय हैदराबाद गॅझेट. ज्या राज्याचा हाली शिक्का तुम्ही सुरुवातीला पाहिलात, त्याने लिहून ठेवलेल्या नोंदींवरून आज कोण कोणत्या जातीत मोजला जाईल याचा वाद.

वकील एक मुद्दा मांडतो. बाकड्यावरचा थोरला बोट टेकवतो. फोन थांबतो.

हे नवं आहे. चावडीतल्या म्हाताऱ्याला अर्धा तास नाकातून हवा सोडत बसावं लागलं होतं. हा गडी वकिलाला वाक्याच्या मध्यात गोठवून ठेवतो, तोंड उघडं, आणि त्याला उत्तर देतो.

“ह्यानं म्हणायलाय ते कागदावर बरोबर हाय. पण आमच्या आज्याची नोंद कुठंय ती? ती रझाकारात जळाली.”

“जळाली कशानं? तुझ्या आज्यानं लिवलीच नसंल.”

“तू बघाय गेल्ता का?”

“पुढं तर चालू कर. प्राध्यापक त्येच सांगणार हाय.”

“आधी मी सांगतो, मग तो सांगंल.”

फोन ग्लासाला टेकून गप्प आहे. प्राध्यापकांना त्यांची पाळी येईपर्यंत थांबावं लागणार. हॉटेलवाला कळकटलेल्या फडक्याने टेबल पुसत म्हणतो की त्याच्या मते दोघांचंही चुकतंय, आणि का ते सांगायला लागतो. थोरला वैतागून तुमच्याकडे वळतो. चालू वर्षात आलात, त्यामुळे अट सुटली. तुम्ही त्याला दिसताय.

“तुम्ही शिकलेले दिसायलाव. काय म्हणणंय तुमचं?”

निजामापासून आतापर्यंत साठवलेलं सगळं तुमच्या जिभेवर येतं. तुम्ही घसा साफ करता.

“थांबा पाव्हणं,” धाकटा म्हणतो, “आधी माझं होऊ द्या.”